मोत्यांचा गालिचा आणि आपली सुई

आपल्या समाजात सुईचे काम जाणणाऱ्या भगिनींची वाण कधीच नव्हती. लोद असो, अश्दोद असो, दिमोना किंवा बीर शेबा असो, आपल्या मंडळींच्या घरी शब्बाथला गेले तर पावावरचे आच्छादन, तल्लीथची थैली, मात्सोथचा रुमाल यांपैकी काही ना काही हाताने भरलेले दृष्टीस पडतेच. सिनेगॉगमधील हेखालासमोरचा पारोखेतही पुष्कळदा कोणा भगिनीने नवस म्हणून किंवा दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ भरून दिलेला असतो. टाके सुबक असतात, मेहनत उघड दिसते. तथापि नक्षीकडे लक्ष गेले की मन थोडे खट्टू होते. तोच मागेन दाविद, तीच मेनोरा, मुकुट धरून उभे असलेले तेच दोन सिंह. बहुधा कापडावर आधीच छापून मिळालेले. आणि आपण हिंदुस्थानातून आलो याची खूण हवी म्हणून एका कोपऱ्यात पैठणीचा मोर. अशा वस्तूत खोट काढण्यासारखे काही नसते, पण ती कोणाही घरची असू शकते. बेने इस्राएल घरातली आहे हे ती स्वतः सांगत नाही.

यावर उपाय म्हणून जुन्या भरतकामातून नक्षी शोधावी असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. पण जुन्या कामातून घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे, याचा विचार फारसा होत नाही. बहुतेक वेळा पुस्तकातील चित्रावर पातळ कागद ठेवून आकृती उतरवून घेतली जाते आणि हाताला सवयीचा असेल त्या टाक्याने भरली जाते. माझे म्हणणे असे आहे की आकृती उतरवण्याआधी ती आकृती तशी का झाली हे विचारावे. कोणता माल हाताशी होता, कोणता टाका घातला, वस्तू कोठे वापरायची होती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की जुने काम आपल्याला शिकवू लागते. तोवर ते केवळ चित्र असते.

उदाहरणादाखल असा एक नमुना घेऊ की ज्याची नक्कल आपल्यापैकी कोणालाच परवडणार नाही. त्यामुळे नकलेचा मोह आपोआप टळेल.

कतार देशातील दोहा शहरात, 2019 साली उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘बडोद्याचा मोत्यांचा गालिचा’ आहे. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांची कारकीर्द 1856 ते 1870 ची. त्यांनी 1865 च्या सुमारास हा गालिचा करवून घेतला. म्हणजे मराठी राजघराण्याने करविलेले हे काम आज अरबस्तानच्या किनाऱ्यावर आहे. लांबी सुमारे 264 सेंटीमीटर, रुंदी सुमारे 173. नाव गालिचा असले तरी तो विणलेला नाही. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या पायावर तो सुईने भरलेला आहे. त्यावर अंदाजे 15 लाख मोती आहेत, शिवाय रंगीत काचमणी, हिरे, माणके, पाचू आणि नीलम.

मदीना येथे प्रेषित महंमदांच्या कबरीसाठी नजराणा म्हणून महाराजांनी तो करविला असे परंपरेने सांगतात. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. 1902-03 साली दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला गेला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर तो मोनाकोला गेला. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील भारतविषयक प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला, आणि मार्च 2009 मध्ये दोहा येथेच सदबीज कंपनीच्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला विकला गेला. त्यावरचे मोती ज्या आखातातून निघाले, त्याच आखाताच्या काठी तो सुमारे दीडशे वर्षांनी येऊन विसावला.

या गालिच्याविषयी जे छापून येते त्यात किमतीची चर्चा असते, नक्षीची क्वचितच. आपण नक्षीकडे पाहू.

पहिली गोष्ट अशी की सर्वसाधारण भरतकामात साधे कापड ही पार्श्वभूमी असते आणि मोलाचा धागा आकृतीसाठी राखून ठेवतात. जरीचे फूल मखमलीवर उठून दिसते ते यामुळेच. येथे क्रम उलटा आहे. सगळी जमीन मोत्यांनी भरली आहे आणि वेल, पाने, फुले रंगीत काचमण्यांनी काढली आहेत. मोत्यांनी कागदाचे काम केले आहे आणि काचेने शाईचे. मोलाची वस्तू मागे राहून साध्या वस्तूला बोलू देते, आणि त्यामुळे एवढी श्रीमंती असूनही गालिच्याचा मोठा भाग डोळ्यांना शांत वाटतो.

दुसरी गोष्ट दाण्याची. गालिच्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर भरते. त्यावर 15 लाख मोती म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सरासरी तीसहून अधिक. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत तीस दाणे! एवढे बारीक मोती का वापरले? आखातात शिंपले काढल्यावर मोती लहानमोठ्या भोकांच्या चाळण्यांतून चाळून निवडले जात. मोठा, गोल दाणा कंठ्यात जाई. बारीक दाणा मुबलक असे. हा माल मुंबईच्या बाजारात येई, तेथे त्याला भोके पाडली जात, प्रतवारी होई आणि माळांत ओवून तो पुढे जाई. बसराई मोती हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता तो या व्यापारामुळे. आखाताचा मुंबईशी संबंध इतका जवळचा होता की कतारमध्ये भारतीय रुपया आणि 1959 पासून खास आखातासाठी काढलेला रुपया असे चलन 1966 पर्यंत चालले. मोत्यांचा धंदा मात्र त्याआधीच, 1930 च्या सुमारास, जपानी कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी यांच्या तडाख्याने कोसळला होता.

सांगण्याचा हेतू हा की गालिच्यावरील वेलीची वळणे या दाण्याने ठरविली आहेत. मण्यांच्या ओळीने टोकदार काटा किंवा केसासारखी बारीक शीर काढता येत नाही. प्रत्येक रेघ निदान एका मण्याइतकी जाड होणारच. म्हणून वेल ऐसपैस वळते, पाने गुबगुबीत होतात, फुलाच्या पाकळ्या मोजक्या राहतात. इराणी आणि मोगल नक्षीचा वारसा येथे आहे, पण कारागिरांनी तो मण्याच्या मापाने पुन्हा बेतला आहे. हीच या कामाची खरी विद्या.

तिसरी गोष्ट उपयोगाची. मदीनेला पाठवायच्या वस्तूवर माणूस, पशू, पक्षी चालणार नाही. म्हणून सारी नक्षी वेलीफुलांची. ज्यांच्या सिनेगॉगमध्येही मूर्तीचा निषेध आहे अशा आपल्यासारख्यांना हा मुद्दा समजायला वेळ लागू नये. मर्यादा पाळल्यामुळे नक्षी दरिद्री झालेली नाही. तिने एकच विषय घेतला आणि तो कडेपर्यंत नेला.

दोषही सांगितला पाहिजे. गालिच्याच्या मध्यावर हिऱ्यांची तीन मोठी चक्रे आहेत आणि कडेने तशीच लहान चक्रे. पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते आणि तेथेच अडते. वेल हलकेच वाहत असताना हे हिरे तिच्या वाटेत बसल्यासारखे वाटतात. माझ्या मते तेवढ्या जागी जवाहिरखाना बोलतो आणि भरतकाम गप्प होते. आपल्याकडे पारोखेतवर मधोमध चमकीचा मोठा तारा चिकटवला जातो तेव्हा हेच घडते.

आता कोणी भगिनी या गालिच्यावरून स्फूर्ती घेऊ म्हणेल तर तिने काय करावे? प्लास्टिकचे मोती आणून तीच वेल काढली तर शोभेचे पाकीट तयार होईल, त्यापलीकडे काही नाही. घ्यायची ती युक्ती: जमीन भरावी आणि आकृती साधी ठेवावी. पांढऱ्या सुती कापडावर पांढऱ्याच धाग्याने गाठीच्या टाक्यांची दाट जमीन भरून मधून एकाच रंगाच्या साखळी टाक्याने वेल सोडली, तर बडोद्याची शिकवण तल्लीथच्या थैलीवर उतरेल आणि खर्च काही शेकेल इतका होईल.

हीच कसोटी पैठणीच्या मोराला लावून पाहू. पैठण आणि येवले येथील पैठणीचा मोर, मुनिया, आसावलीची वेल ही नक्षी मागावर होते. रंगीत बाणा एकमेकांत अडकवत विणकर ती घडवतो, म्हणून तिच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि कापड दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. आपण तो मोर उतरवून घेतो, कडा गुळगुळीत करतो आणि भरीव टाक्याने भरतो. पायऱ्या गेल्या की त्याचा ताठा गेला. उरतो तो शाळेच्या वहीवरचा मोर. तोच मोर कापडाचे धागे मोजून फुलीच्या टाक्याने भरावा. पायऱ्या आपोआप येतील आणि पदराची आठवण खरी वाटेल.

धागे मोजून भरण्याची फार सुंदर परंपरा आपल्या शेजारी, बेळगाव-धारवाडकडे आहे. तिला कसुती म्हणतात. इलकल लुगड्यांवर ती भरली जाई आणि तशी लुगडी दक्षिण महाराष्ट्रात सर्रास नेसली जात. कसुतीत छापा मारत नाहीत, गाठ मारत नाहीत. गावंती टाका धावदोऱ्याने जाऊन त्याच वाटेने परत येतो, म्हणून उलटसुलट सारखाच दिसतो. मुर्गी पायऱ्यांसारखा, नेगी विणीसारखा आणि मेंथी मेथीच्या दाण्यांसारखा फुलीचा.

येथे आपल्या धर्मग्रंथातील एक बारीक भेद आठवतो. शमोथमध्ये मिश्कानच्या कापडांचे वर्णन आहे. दाराचा पडदा ‘रोकेम’चे काम सांगितला आहे आणि आतला पारोखेत ‘होशेव’चे. तालमूदच्या योमा या भागात आपल्या आचार्यांनी याचा उलगडा केला आहे: रोकेम म्हणजे सुईचे काम, त्याला एकच तोंड, होशेव म्हणजे विणकराचे काम, त्याला दोन तोंडे. टाक्याचा स्वभाव आणि वस्तूची जागा यांचा संबंध त्यांनी किती जाणतेपणाने पाहिला होता! आपणही तसे पाहावे. भिंतीला लागून राहणाऱ्या वस्तूला एक तोंड पुरे. पावावरचे आच्छादन किद्दूशनंतर उचलून बाजूला ठेवले जाते, त्याची मागची बाजू सारे घर पाहते. तेथे गावंतीसारखा दुतोंडी टाका शोभेल.

या ठिकाणी कोणी विचारील की कसुतीत तर देवळाचे गोपूर आणि तुळशीवृंदावनही असते, ते आपण कसे घ्यावे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की टाका सर्वांचा, खूण ज्याची त्याची. मराठा राजाने मुसलमान तीर्थासाठी गालिचा करविला तेव्हा त्यावर आपल्या देवतांची चिन्हे घातली नाहीत. ज्या जागी तो जाणार त्या जागेचा मान ठेवला. आपण वृंदावनाची आकृती सोडावी आणि ते उभे करणारी चौकटींची रचना घ्यावी. त्या जागी डाळिंब घालावे. कोहेन गादोलच्या झग्याच्या काठाला निळ्या, जांभळ्या, किरमिजी धाग्यांची डाळिंबे आणि मधून मधून सोन्याची घंटी लावण्याची आज्ञा आहे. काठासाठी यापरते सरळ सूत्र दुसरे नाही: एक भरीव, एक पोकळ, एक भरीव, एक पोकळ.

आता सर्वांत अवघड प्रश्न. आपले स्वतःचे जुने काम कोणते? इस्रायलमध्ये येमेनहून आलेल्या भगिनींचा टाका लोक ओळखतात. रूथ दायान यांनी 1954 साली स्थापलेल्या मस्कीत संस्थेने असे काम कपड्यांवर आणून घरोघर पोचविले. त्यात येमेनी काम उठून दिसते, कारण ते गळ्याभोवती आणि बाह्यांच्या टोकांशी, आपल्या नेहमीच्या जागी, आपल्या नेहमीच्या दाटपणाने बसते. आपल्याकडे कोकणातून आलेल्या पेटीत काय निघते? नऊवारी लुगडी, एखादा शालू, आणि गोधडी.

गोधडीकडे आपण भरतकाम म्हणून पाहतच नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकटीतून चौकट आत नेत मध्यावर संपवायचा, ही रीत कोकणात घरोघर होती. त्यात नक्षी काढण्याचा हेतू नसतो. थर सरकू नयेत एवढाच हेतू. परंतु त्या सुरकुतलेल्या समांतर ओळींनी जी पृष्ठभूमी तयार होते तिच्यासारखी जमीन दुसऱ्या कशानेच होत नाही. बडोद्याच्या कारागिरांनी मोत्यांनी जमीन भरली, आपल्या आज्यांनी धावदोऱ्याने. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर तसाच धावदोरा घालून मधली जागा मोकळी ठेवावी आणि तेथे सुताने एकच डाळिंब किंवा एकच अक्षर भरावे. असा पारोखेत ज्या सिनेगॉगमध्ये लागेल तेथे हा कोणाचा असे विचारावे लागणार नाही.

अक्षराचेही तसेच. जर्मनीच्या यहुद्यांत मुलाच्या मिलाच्या वेळचे कापड कापून, पट्ट्या जोडून, त्यावर मुलाचे नाव, जन्मदिवस आणि तोरा, खुप्पा व सत्कृत्ये यांचा आशीर्वाद भरीत. मग ते सेफेर तोरा बांधण्यासाठी सिनेगॉगला देत. तेथे अक्षर हीच नक्षी होती. आपल्या नातवंडांसाठी अशी पट्टी करताना एका ओळीत हिब्रू आणि दुसऱ्या ओळीत मराठी अक्षरे घालण्यास कोणती हरकत आहे? देवनागरीची शिरोरेघ म्हणजे आयता काठ आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मोत्यांच्या गालिच्याविषयी आपल्याला राजाचे नाव ठाऊक आहे, महाराणीचे ठाऊक आहे, विकणाऱ्या कंपनीचे आणि मिळालेल्या रकमेचेही. ज्यांनी दर नखाएवढ्या जागेत तीस मोती बसविले त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. आणि हे केवळ जुन्या काळाचे झाले असे कोणी मानू नये. ज्या दोहात तो गालिचा आज ठेवला आहे, त्याच शहराच्या नैऋत्येला इंडस्ट्रियल एरिया नावाचा मोठा भाग आहे. तेथे कारखाने, गॅरेज, गुदामे आणि मजुरांच्या वसाहती आहेत. रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. हिंदुस्थान, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान येथून पोटासाठी आलेले असंख्य लोक तेथे राहतात. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत त्यातील काही रस्ते बंद केले गेले तेव्हा बातम्यांतून जगाने वाचले ते रस्त्यांचे नंबर. आत अडकलेल्या माणसांची नावे नव्हेत. संग्रहालयाच्या काचेआड निनावी कारागिरांचे काम आणि शहराच्या कडेला नंबरांच्या रस्त्यांवर राबणारे हात, या दोन्ही गोष्टी एकाच गावात असाव्यात, हे पाहून विचार करणारा माणूस अस्वस्थ झाल्याशिवाय राहणार नाही.

आपण मोठ्या संग्रहालयांना काय सांगणार? पण आपल्या घरात ही चूक थांबविणे आपल्या हाती आहे. आपल्या सिनेगॉगमधील पारोखेतवर दात्याचे नाव भरलेले असते, ज्यांच्या स्मरणार्थ दिला त्यांचेही असते. भरणारीचे बहुधा नसते. विचारले तर ‘कोणा मावशींनी केले होते’ एवढेच उत्तर मिळते. त्या मावशींनी टाका कोणाकडून शिकला, नक्षी कोठून घेतली, हे सांगणारे माणूस आज घरात असेल, उद्या असेलच असे नाही.

म्हणून विनंती एवढीच की घरातील व सिनेगॉगमधील प्रत्येक जुनी भरलेली वस्तू एकदा उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला सुताचा एक लहान तुकडा शिवून त्यावर करणारीचे नाव, तिचे कोकणातील गाव, वर्ष आणि टाक्याचे नाव धाग्याने भरावे. शाई धुऊन जाते. पारोखेतवर नावे पुढल्या बाजूस असतील तर करणारीचे नावही त्यांच्याच ओळीत घ्यावे. आणि नवीन काम करताना हा तुकडा आधी शिवावा, मग पुढची नक्षी काढायला बसावे.